विषम झीज : कोल्हापुरातील चाकांच्या खुणा आणि त्यांचे वाचन

झीज या विषयावर कोल्हापूरने जितका वाद घातला, तितका महाराष्ट्रातल्या क्वचितच एखाद्या शहराने घातला असेल. अंबाबाईच्या मूर्तीची झीज हा येथे कित्येक वर्षे श्रद्धेचा, शास्त्राचा आणि न्यायालयाचाही प्रश्न होता. मूर्ती झिजली हे सर्वांनाच मान्य होते. ती कशामुळे झिजली आणि त्यावर उपाय काय, याबद्दल मात्र एकमत नव्हते. अखेर २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी तिचे रासायनिक संवर्धन केले. त्या वादाच्या तपशिलात आम्हाला येथे शिरायचे नाही. परंतु त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो इतिहासाच्या आणि साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाचा आहे : झिजलेली वस्तू समोर असताना तिच्या झिजेवरून कारणापर्यंत कसे पोहोचायचे?

हा प्रश्न आम्ही मूर्तीपासून दूर नेऊन एका अगदी सामान्य वस्तूवर ठेवू इच्छितो. ती वस्तू म्हणजे मोटारसायकलचा टायर. टायर सगळीकडून सारखा झिजला, तर तो जुना झाला एवढेच कळते. तो एका बाजूला अधिक झिजला, मध्येच सपाट झाला किंवा त्यावर ठराविक अंतराने खळगे पडले, तर मात्र तो काहीतरी विशिष्ट सांगत असतो. शिवाजी उद्यमनगरातला एखादा मेस्त्री अशा टायरवरून हात फिरवतो तेव्हा तो जे करतो, ते आपण वर्गात करतो त्यापेक्षा फारसे वेगळे नाही, असे आम्हाला वाटते. फरक असलाच तर एवढाच की त्याचा अर्थ चुकला तर कोणीतरी घाटात पडते.

१

रबराच्या आधी चाकाला लोखंड होते. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवत असे, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. पळण्याच्या क्रियेला आणि पळणाऱ्या चाकाच्या झिजणाऱ्या कडेला भाषेने एकच शब्द द्यावा, यात चाकाबद्दलचे नेमके ज्ञान आहे, कारण चाक धावते ते या पट्टीवर आणि झिजते तीही हीच पट्टी. तापलेली धाव फुगते, चाकावर बसते आणि पाणी ओतले की आकसून तुंबा, आरे आणि लाकडी कड यांना घट्ट आवळते. तीच धाव एका कडेने अधिक झिजलेली दिसली, तर लोहाराचे लक्ष धावेकडे न जाता आसाकडे जात असे. आस वाकला असेल, तुंब्यातले भोक सैल झाले असेल, किंवा गाडी नेहमी एकाच अंगाने जास्त भरली जात असेल. खूण धावेवर आणि दोष दुसरीकडे, ही या विद्येची पहिली शिकवण त्या काळातच तयार झालेली होती.

चाक जमिनीवरही खूण उमटवते. त्या खुणेला ‘चाकोरी’ म्हणतात. आज आपण ‘चाकोरीबाहेरचे लेखन’ असे समीक्षेत सर्रास म्हणतो आणि या शब्दात एक चाक आहे हे विसरून जातो. चाकोरीचा गुणधर्म असा की ती जितकी खोल, तितके पुढच्या गाडीला तिच्यातून बाहेर पडणे अवघड. म्हणजे चाक रस्त्याला झिजवते, आणि झिजलेला रस्ता पुढच्या चाकाला एका विशिष्ट रीतीने झिजवतो. हे परस्परांना झिजवणे लक्षात ठेवले पाहिजे, पुढे त्याची गरज लागणार आहे.

खुद्द ‘चाक’ हा शब्दही झिजलेलाच आहे. संस्कृत ‘चक्र’, प्राकृत ‘चक्क’, मराठी ‘चाक’. यातला ‘र’ गेला, त्याच्या जागी आलेले ‘क’चे द्वित्वही पुढे गेले, आणि त्या तुटीची भरपाई म्हणून आधीचा ‘अ’ दीर्घ झाला. झीज एका ठिकाणी, भरपाई दुसऱ्या ठिकाणी. शिवाय ही झीज सर्वत्र सारखी झालेली नाही. अशोकचक्रात आणि कालचक्रात ‘चक्र’ अभंग राहिले, कारण ते शब्द रोजच्या वापरात रस्त्यावर आले नाहीत, ते पोथीत आणि ध्वजावर राहिले. शेतकऱ्याच्या तोंडी हजारदा आलेले चक्र मात्र चाक झाले. भाषेची झीजही विषमच असते, आणि कोणता शब्द कोणाच्या वापरात किती होता हे ती सांगते.

२

चाकाच्या आधी पाऊल होते, आणि कोल्हापुरात पावलाचा उल्लेख चपलेवाचून पुरा होत नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची ही चप्पल २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनास पात्र ठरली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावे ते आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रसिद्ध फॅशन घराण्याच्या प्रदर्शनात तिच्यासारख्याच चपला झळकल्या आणि श्रेय कोणाचे यावरून मोठा गदारोळ झाला. त्या चर्चेत चप्पल करणाऱ्याच्या कारागिरीबद्दल भरपूर बोलले गेले. चप्पल दुरुस्त करणाऱ्याच्या ज्ञानाबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

चपलेचा तळ कधीच सारखा झिजत नाही. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेने आधी झिजते. एखाद्याची आतल्या कडेने झिजते, एखाद्याची एकच चप्पल झिजते आणि दुसरी तशीच राहते. रस्त्याच्या कडेला बसणारा चर्मकार ती उलटी करून पाहतो आणि माणूस कसा चालतो हे त्याला माणूस चालून न दाखवताच कळते. उजव्या गुडघ्याचे दुखणे डाव्या चपलेवर उमटते, कारण दुखऱ्या पायावरचा भार माणूस नकळत दुसऱ्यावर टाकतो. येथेही लोहाराचाच नियम आहे : खूण एकीकडे, दोष दुसरीकडे.

या दोन विद्यांची गाठ पुढे अक्षरशः पडली. मोटारींचे जुने टायर कापून त्यांचे तळ चपलांना लावले जाऊ लागले. शेतमजुराच्या पायात टायरची चप्पल आली. एका आयुष्यात चाकाखाली झिजलेले रबर दुसऱ्या आयुष्यात पावलाखाली झिजू लागले, आणि दोन्ही वेळा ते उलटे करून वाचणारा कोणीतरी होता. लोहार, सुतार आणि चांभार यांची नावे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मध्ये (१९१५) बलुतेदार म्हणून येतात. त्यांना काय मिळत असे हे आपल्याला तिथून कळते. त्यांना काय कळत असे, याची नोंद मराठीत फार थोडी आहे.

३

हवेचा टायर प्रथम १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने सुचवला, पण तो काळाच्या आधी आला आणि विसरला गेला. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला, आणि मग तो जगभर गेला. रबर टिकाऊ करण्याची गंधक आणि उष्णतेची प्रक्रिया त्याआधीच, १८३९ मध्ये, चार्ल्स गुडइयरला सापडलेली होती. लोखंडी धाव आवाज करत झिजत होती. रबर मुकाट्याने झिजू लागले, आणि लोखंडापेक्षा कितीतरी बारीक नोंद ठेवू लागले.

ही नोंद वाचण्याजोगी आहे हे साहित्याला लगेच कळले. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १९०४ मधील ‘प्रायरी स्कूल’ या कथेत शेरलॉक होम्स सायकलच्या टायरचे बेचाळीस प्रकारचे ठसे आपल्याला ओळखता येतात असे सांगतो, आणि ठशातल्या ठिगळावरून टायर ओळखतो. एवढेच नव्हे, तर मागच्या चाकाचा ठसा पुढच्या चाकाच्या ठशावर कसा पडला आहे, यावरून सायकल कोणत्या दिशेने गेली हेही तो ठरवतो. वाचकांनी डॉइलना कळवले की हे शक्य नाही, कारण सायकल कोणत्याही दिशेने गेली तरी मागचे चाक पुढच्याच्या ठशावरूनच जाणार. डॉइलनी सायकल काढून स्वतः प्रयोग केला आणि आपली चूक आत्मचरित्रात मान्य केली. त्यांच्या मते चढावर ठसा खोल आणि उतारावर उथळ पडतो, त्यामुळे दिशा कळू शकते, पण ती वेगळ्या पुराव्यावरून. वाचनाच्या इतिहासात ही घटना आम्हाला फार मोलाची वाटते. खूण खरी होती, निष्कर्षही कदाचित खरा होता, पण त्यांना जोडणारा दुवा खोटा होता.

कोल्हापूरला यंत्राची ओढ जुनी आहे. १८९१ मध्ये मिरजेहून येथे रेल्वे आली. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कापडगिरणीचा पाया घातला गेला. चित्रपटाचा कॅमेरा विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. यंत्र खोलावे, पाहावे, पुन्हा जोडावे ही वृत्ती याच मातीत पुढे उद्यमनगरच्या ओतशाळांत आणि यंत्रशाळांत वाढली. दुचाकी आल्या तेव्हा त्यांना समजून घेणारे हात येथे तयारच होते.

त्या दुचाकी टप्प्याटप्प्याने आल्या. १९५५ पासून मद्रासची एनफिल्ड, साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची जावा आणि त्याच सुमारास राजदूत. त्यानंतरची दोन-अडीच दशके मात्र मध्यमवर्गाच्या दारात पुण्याची बजाज स्कूटर उभी होती, आणि १९७२ पासून तिचे नाव चेतक होते. आमच्या विषयाच्या दृष्टीने स्कूटर आणि मोटारसायकल यांत एक महत्त्वाचा भेद आहे. स्कूटरची दोन्ही चाके एकाच मापाची, आणि जोडीला तिसरी स्टेपनी. मागचा टायर घासला की तो पुढे, पुढचा स्टेपनीला, स्टेपनी मागे, असे चक्र चालत असे. यामुळे टायर जास्त टिकत, पण प्रत्येक टायरवर तीन जागांचा इतिहास एकमेकांत मिसळत असे. एकाच कागदावर पुन्हा पुन्हा खोडून लिहावे तसे ते होते. १९८४-८५ मध्ये जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्कूटरला मागे टाकले, आणि हे मिसळणे थांबले. मोटारसायकलचे पुढचे आणि मागचे टायर मापाने आणि नक्षीने वेगळे असतात, त्यांची अदलाबदल होत नाही. जो टायर जिथे बसला तिथेच तो मरेपर्यंत राहतो. म्हणजे या तीस-चाळीस वर्षांतच दुचाकीच्या टायरवर एकाच चाकाचे, अखंड, न मिसळलेले चरित्र लिहिले जाऊ लागले.

४

हे चरित्र वाचण्याची काही मूलाक्षरे आहेत.

टायर मध्यभागीच सपाट झाला आणि कडा नव्या राहिल्या, तर गाडी सरळ रस्त्यावर फार चालली आहे किंवा हवा जास्त भरली जात आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रोज जाणाऱ्यांचे मागचे टायर असे चौकोनी होतात. अशी गाडी वळणावर झुकवताना गोलाईऐवजी एक कोपरा लागतो आणि गाडी अचानक पडल्यासारखी वाटते. याउलट कडा घासल्या आणि मध्य राहिला, तर बहुधा हवा कमी आहे. साध्या मोटारसायकलला पुढे पंचवीसच्या आसपास आणि मागे भारानुसार अठ्ठावीस ते तेहतीस पौंड हवा लागते, आणि ती महिनोन्महिने न पाहणारेच अधिक.

एकाच बाजूची झीज अधिक गुंतागुंतीची आहे. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा न जुळवता एकच बाजू ओढली गेली, तर मागचे चाक तिरके बसते. चिमट्याचे बुश गेले असेल, एखाद्या अपघातात चॅसी किंचित वाकली असेल, तरी हेच होते. पण गाडीत काहीच दोष नसतानाही उजवी बाजू अधिक झिजू शकते. आपण डावीकडून गाडी चालवतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. गाडी उभी असते, रस्ता तिच्या डावीकडे कललेला असतो, आणि टायर मध्यापासून किंचित उजवीकडे टेकतो. पश्चिमेकडे करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट उतरायचा असेल, तर त्यात वळणांची भर पडते. डावीकडून चालताना उजवे वळण बाहेरच्या कडेने घ्यावे लागते आणि डावे आतल्या कडेने. दोन मार्गिकांमधले अंतर साडेतीन मीटर धरले, तर अर्धवर्तुळाकार वळण उजवीकडे घेताना डावीकडच्यापेक्षा सुमारे अकरा मीटर अधिक चालावे लागते, मग वळण केवढेही असो. येताना-जाताना प्रत्येक वळण एकदा उजवे आणि एकदा डावे होते, पण अंतराची तूट भरून निघत नाही. वर्षभर घाटाने ये-जा करणाऱ्याच्या टायरची उजवी बाजू हा हिशेब मांडत असते.

आणि मग भार. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि पुढे गावोगावचे दूध संकलनाला येऊ लागले. मोटारसायकलला दोन्ही अंगांना कॅन अडकवून जाणारा माणूस हे या जिल्ह्यातले पहाटेचे नेहमीचे दृश्य. दोन्ही कॅन भरलेले असतील तर तोल राहतो. पण एकच भरला आणि दुसरा रिकामा असेल, तर? चाळीस लिटरचा भरलेला कॅन पंचेचाळीस-पन्नास किलोंचा होतो. गाडी, माणूस आणि कॅन मिळून सव्वादोनशे किलो धरले आणि कॅन मध्यापासून अर्ध्या मीटरच्या सुमारास टांगला, तर सरळ जाण्यासाठी गाडी दुसरीकडे आठ-नऊ अंश झुकवून चालवावी लागते. रोज सकाळी, त्याच रस्त्याने, वर्षानुवर्षे. असा टायर पाहिला की चेन सरळ करून उपयोग नाही. त्या माणसाला कोणत्या वाडीवर किती दूध मिळते, हे विचारावे लागते.

शेवटी खळगे. पुढच्या टायरवर ठराविक अंतराने उंचवटे आणि खळगे पडतात, चाळीसच्या वेगाला घरघर सुरू होते आणि ब्रेक लावताना हँडल थरथरते. कधी नक्षीच्या गुटक्यांची एक कड झिजते आणि दुसरी धारदार राहते. तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर करवतीचे दाते लागतात. थोडेसे असे होणे स्वाभाविकच आहे, कारण ब्रेकचा भार पुढच्या चाकावर येतो. अधिक झाले तर मात्र कारणे अनेक : हवा कमी, बेअरिंग ढिले, रिम आउट, किंवा पुढच्या शॉकपमध्ये दम नाही.

या ‘किंवा’मुळेच आमची एकदा फसगत झाली. गगनबावड्याच्या रस्त्याने आमचे रोजचे जाणे-येणे होते. पुढच्या टायरवर खळगे दिसू लागले. एका दुकानात दाखवले. हवा कमी होती, हे खरेच होते. टायर खराब निघाला म्हणून नवा बसवला, हवा नियमित पाहू लागलो. सात-आठ महिन्यांत तेच खळगे पुन्हा दिसले. पावसाळ्यात एका वळणावर ब्रेक लावताना पुढचे चाक क्षणभर उडाल्यासारखे झाले आणि गाडी समोरच्या मार्गिकेत गेली. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून हा लेख लिहिता येत आहे. उद्यमनगरातल्या एका वृद्ध मेस्त्रींनी टायरवरून आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने तळवा फिरवला आणि विचारले, ‘‘रोज कुठं जातासा, सर?’’ मग पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटले आणि सोडले. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती दोन-तीनदा वरखाली झाली. ‘‘टायर काय करणार? शॉकप मेलाय. पहिला टायर उगीच टाकलासा.’’ शॉकपमधले तेल काढले तर ते पाण्यासारखे पातळ आणि काळपट होते, आणि जितके असायला हवे त्याच्या निम्मेही नव्हते.

पहिल्या दुकानदाराने खोटे सांगितले नव्हते. त्याने खुणेला लागू पडणारे एक कारण शोधले, ते गाडीत सापडले, आणि तो तिथेच थांबला. मेस्त्रींनी खुणेवरून अंदाज बांधला, रस्ता विचारला, आणि मग टायरशी संबंध नसलेली एक स्वतंत्र परीक्षा घेतली. दोघांमधला भेद अनुभवाचा तर होताच, पण त्याहून अधिक पद्धतीचा होता.

५

झिजेवरून इतिहास वाचण्याची पद्धत आपल्याकडे एका थोर अभ्यासकाने शास्त्राच्या पातळीवर नेली होती. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी १९४० च्या दशकात प्राचीन आहत नाण्यांकडे वळले ते त्यांच्यावरच्या चिन्हांचे अर्थ लावण्यासाठी नव्हे. त्यांनी नाणी तोलली. नाणे हातोहात फिरते तसे त्याचे वजन अगदी थोडे थोडे घटते. तक्षशिलेच्या निधीतल्या नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासून कोणती नाणी अधिक काळ चलनात होती याचा क्रम त्यांनी लावला. आपल्या गृहीतकाची परीक्षा म्हणून त्यांनी स्वतःच्या काळातली, ज्यांचे टाकसाळीचे वर्ष ठाऊक होते अशी, चलनातली नाणीही तोलली. ही दुसरी पायरी म्हणजेच मेस्त्रींनी हँडल दाबून पाहणे.

कोसंबींची झीज सरासरीची होती. एखादे नाणे कोणाच्या मुठीत होते हे त्यांना कळणार नव्हते आणि कळण्याची गरजही नव्हती. हजारो हातांनी मिळून जे झिजवले, त्यातून काळ मोजता येत होता. टायरची विषम झीज याच्या उलट आहे. तिच्यातून काळ नीट मोजता येत नाही, कारण दोन वर्षांचा टायर चार वर्षांच्या टायरपेक्षा अधिक झिजलेला असू शकतो. तिच्यातून कळतो तो एक माणूस, त्याचा रस्ता, त्याचे ओझे आणि त्याचे दुर्लक्ष. सम झीज काळाचा दाखला देते, विषम झीज आयुष्याचा. इतिहासाला दोन्हींची गरज असते, पण एकीची रीत दुसरीला लावली की गोंधळ होतो. कायदाही या गोंधळातून सुटलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरवली आहे. किती झिजले हे नियम विचारतो, कुठे झिजले हे मेस्त्री विचारतो.

कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ मधल्या एका गाजलेल्या निबंधात अशा ज्ञानाची वंशावळ मांडली. चित्रकाराची ओळख कानाच्या पाळीवरून आणि नखांवरून पटवणारा मोरेल्ली, होम्स आणि फ्रॉइड यांना त्याने एका ओळीत बसवले, आणि त्यांच्या मागे उभा केला तो माग काढणारा शिकारी. मराठीत ‘माग काढणे’ आणि ‘मागमूस’ हे शब्द त्याच विद्येचे अवशेष आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना हा निबंध भुरळ घालतो, कारण तो आपल्याला होम्सच्या पंक्तीत बसवतो. लेखकाच्या नकळत राहिलेल्या एखाद्या खुणेवरून आपण त्याचे सगळे अंतरंग सांगू शकतो, असे वाटू लागते. परंतु गिन्झबुर्गच्या ओळीत डॉइलची ती जाहीर कबुलीही बसवायला हवी. मोटारसायकलचा टायर आपल्याला हेच शिकवतो की एक खूण अनेक कारणांनी उमटते. लागू पडणारे पहिले कारण मिळताच थांबणे हा दुकानदाराचा दोष समीक्षेतही पुष्कळ आढळतो. एखाद्या कादंबरीतले मौन दिसले की आपण ते लेखकाच्या वर्गाचे, जातीचे किंवा काळाचे लक्षण म्हणून मांडतो. मांडणी जुळतेही. पण हँडल दाबून पाहिले का? त्याच लेखकाची दुसरी कादंबरी, त्याच काळाचा दुसरा लेखक, त्याच मजकुराची आधीची आवृत्ती यांवर ते कारण तपासले का?

म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’वरून सिद्ध झालेल्या केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्तीचा दृष्टांत आहे. जन्मांध माणसे हत्तीचा एकेक अवयव चाचपतात आणि प्रत्येकाला तोच हत्ती वाटतो. त्यांचा स्पर्श खोटा नसतो. आमच्या मेस्त्रींनीही स्पर्शानेच सुरुवात केली होती, पण एका दिशेने चाचपून ते थांबले नाहीत.

६

या विद्येचे पुढे काय होणार, हा प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो. ट्यूब असलेला टायर पंक्चरसाठी वारंवार रिमवरून उतरत असे, आणि पंक्चर काढणारा माणूस त्याची आतली-बाहेरची बाजू सहज पाहत असे. ट्यूबलेस टायर न उतरवताच दोन मिनिटांत दुरुस्त होतो. तारांच्या चाकांच्या जागी अलॉय आले, तारा ताणून चाकाचा आउट काढणारे हात कमी झाले. हे सारे चालकाच्या सोयीचेच आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु टायर पाहिला जाण्याचे प्रसंग कमी झाले, आणि तो झिजला की कारण न शोधता बदलणे सोपे झाले. कारण जागेवरच राहते आणि नव्या टायरवर पुन्हा तोच मजकूर लिहू लागते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘चिमटा’, ‘आउट’, ‘दम’, ‘गुटका’, ‘गाडी ओढते’, ‘टायर कापतोय’ हे शब्द उद्यमनगरात रोज बोलले जातात. त्यांतले काही मराठी, काही हिंदी, काही इंग्रजी, आणि सगळे नेमके. धाव, तुंबा आणि आरे यांना कोशात जागा मिळाली, कारण बैलगाडी मागे पडण्याआधी कोशकार तिथे पोहोचले होते. यंत्रशाळेच्या या शब्दांपर्यंत कोण पोहोचले आहे? कोल्हापुरात विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. एका विद्यार्थ्याने एका मेस्त्रींजवळ एक उन्हाळा बसून, त्यांचे प्रश्न ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने उतरवून घेतले, तरी ते मराठीतल्या ज्ञानाच्या इतिहासाचे एक प्रकरण होईल.

सुरुवातीच्या कामासाठी साधन फार लागत नाही. प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुस्तकाच्या प्रकाशनवर्षासारखी ती नोंद असते आणि तिच्यावरून टायर कधी जन्मला हे कळते. पुढचे हाताने वाचायचे : गाडी मुख्य स्टँडवर लावावी, इंजिन बंद करावे, चाक हळूहळू फिरवत तळवा आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने न्यावा. दोन्ही वेळा सारखे लागले तर ठीक. नाही लागले, तर नवा टायर घेण्याआधी ती गाडी रोज कुठे जाते, हे विचारावे.